सात दहाचा फोन

ती घटना आठवायला मला कष्ट पडत नाहीत. विसरण्यासाठी मात्र मी बरेच कष्ट घेतले, आणि ते वाया गेले. निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहितात तेव्हा बहुधा आपण गुन्हेगार कसा पकडला ते सांगतात. मीही ही हकीकत आजवर दोन-तीन ठिकाणी तशीच सांगितली आहे: मुंडन केलेल्या माणसावरून मी चोरीचा माल कसा शोधला. लोकांनी मान डोलावली, एकाने तर टाळीही मागितली. त्या सांगण्यात एक फोन मी दरवेळी गाळत होतो. आज तो लिहितो आहे.

अठरा वर्षे होत आली. मी तेव्हा कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचे, गावाचे नाव आणि माणसांची नावे लिहीत नाही. हद्दीत एक्स्प्रेसवेचा तुकडा, काही कारखाने, दगडखाणी आणि वर डोंगरात विखुरलेल्या वाड्या. रोजचे काम अपघाताचे. उलटलेला कंटेनर, घाटात ब्रेक गेलेला ट्रक, रस्ता ओलांडताना उडवलेला माणूस. सकाळी हजेरी घ्यायची, रात्रपाळीचा अहवाल ऐकायचा आणि फोनची वाट पाहायची.

फोन खाणींचेही येत. खाणवाले परवानगीच्या वेळेआधीच सुरुंग उडवत, आणि खालच्या गावातून कोणी ना कोणी कळवत असे की घर हादरले, कौल सरकले. अशा प्रत्येक फोनची स्टेशन डायरीत नोंद घेतली की पुढे जबाब, तहसील कार्यालयाला पत्र, खाणवाल्याला समज, वरून विचारणा. म्हणून मी तोंडी सांगून ठेवले होते की माणूस जखमी नसेल तर सुरुंगाच्या फोनची नोंद घ्यायची नाही. यात मी कोणाचा मिंधा नव्हतो. कटकट नको होती, इतकेच. आसपासच्या ठाण्यांतही थोड्याफार फरकाने हीच पद्धत असावी.

त्या दिवशी पौषातली अमावास्या होती. धुके इतके दाट की ठाण्याच्या दारातून फाटकावरचा फलक दिसत नव्हता. महामार्गावर गाड्या दिवे लावून सरपटत होत्या. अशा सकाळी घाटाखाली एखादी तरी धडक ठरलेली, म्हणून मी लवकर येऊन बसलो होतो. ठाणे अंमलदार तोंड धुवायला मागे गेला होता. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला आणि तो मी उचलला.

पलीकडे डोंगराच्या पायथ्याच्या गावचा पोलीस पाटील होता. गावात काही बरेवाईट घडले की ठाण्याला पहिली खबर देणे हे पोलीस पाटलाचे काम. हा माणूस शेती करून ते काम चोख करीत असे.

"साहेब, वर माळावर लय मोठा आवाज झाला."

"सुरुंग असेल, पाटील."

"नाय साहेब. सुरुंग गडगडत जातो. ह्यो एकदाच झाला, धाडकन. आनी त्याच्या आधी डोक्यावरनं घरघर गेली. अशी खालून, की म्हशीनं दावं तोडलं."

"धुक्यात आवाज असाच येतो. खाणवाल्याला बोलावतो मी आज."

"खान बंद हाय की आज. आवस हाय. आवसेला कामगार पहारीला हात लावत नाय, तुमाला ठाव हाय."

"मग कोणी चोरून उडवला असेल. कोणाला लागलंय का?"

"ते वर गेल्याबिगर कसं कळंल? हिथं सवताचा हात दिसत नाय."

"धुकं उतरलं की वर जाऊन बघा आणि मला कळवा."

"बरं," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "नोंद केली ना साहेब?"

"केली," मी म्हणालो आणि फोन ठेवला. नोंद केली नव्हती. समोर भिंतीवर घड्याळ होते, म्हणून वेळ तेवढी लक्षात राहिली.

नऊ पस्तीसला नियंत्रण कक्षाचा संदेश आला. एक छोटे खासगी विमान मुंबईकडे येताना सकाळी संपर्काबाहेर गेले होते, आणि डोंगराळ हद्दीतल्या ठाण्यांनी आपापल्या भागात खात्री करून कळवायचे होते. वायरलेसवरचा जवान प्रत्येक शब्द दोनदा म्हणत होता आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. अंमलदाराने डायरीत वेळ टाकली, नऊ पस्तीस. सरकारी कागदात या अपघाताची पहिली खबर आजही तीच आहे.

आम्ही निघालो. पायथ्याच्या गावापासून पुढे पायवाट. पोलीस पाटील वाट दाखवायला पुढे झाला. सकाळच्या फोनबद्दल तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. वर पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले. धुके विरळ होऊन उन्हाचे पट्टे पडू लागले होते.

माळावर त्या दिवसांत गवत कापून गंज्या रचलेल्या असतात. तिकडचे गवत व्यापारी विकत घेतात आणि ट्रकने मुंबईच्या तबेल्यांना पाठवतात. गवताच्या कडेला, कातळाला घासून विमान पडले होते. वैमानिक आपल्या जागेवरच गेला होता. त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. पण दहा-बारा पावलांवर एक बाई होती, पन्नाशीची. ती पडलेली नव्हती, कोणीतरी तिला सरळ झोपवले होते. अंगावर गळ्यापर्यंत जुने कांबळे, डोक्याखाली गवताची पेंढी. चेहरा पुसलेला, डोळे मिटलेले. उशाला जर्मनचा तांब्या. बऱ्याच अंतरावर एक गंजी जळून बसली होती आणि धुमसत होती.

माझा हवालदार वयाने मोठा, तोंडाने फटकळ, पण नजरेचा पक्का. तो उकिडवा बसून म्हणाला, "साहेब, मेलेल्या माणसाला कोणी तांब्याभर पाणी आणून ठेवत नाही."

"गावातलं कोणी येऊन गेलं असेल," मी म्हणालो.

त्याने पंचनाम्याचे कागद माझ्यापुढे धरले. मी पंचनाम्यात लिहिले, 'प्रेतावर जुने कांबळे आढळले'. तांब्या लिहिला नाही. अहवालात लिहिले, 'दोघेही जागीच मयत'. हे लिहिताना मला पक्के काही माहीत नव्हते हे खरे, पण संशय आला नव्हता असे म्हणालो तर ते खोटे होईल.

विमान का पडले याचा तपास आमचा नव्हता. तो करायला दिल्लीहून माणसे आली. त्यांच्याकडून समजले ते थोडक्यात असे. धुक्यात बाहेरचे काही दिसत नसताना वैमानिक उपकरणांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरत येतो. कुठे किती उंचीवर असायचे हे ठरलेले असते. हे विमान धावपट्टीपासून बरेच दूर असतानाच ठरल्यापेक्षा खाली आले, आणि मध्ये आमचा डोंगर होता. चूक वैमानिकाची की यंत्राची, यावर त्यांचे पुढे बरेच दिवस चालले. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, पहिली खबर किती वाजता मिळाली? मी डायरी त्यांच्यापुढे सरकवली.

संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात नातेवाईक आले. बाई घाटावरच्या एका गावात छोटा कारखाना चालवत होत्या. पती बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. प्रेत ताब्यात घ्यायला त्यांचा भाऊ आला होता आणि मुंबईहून त्यांची एकुलती मुलगी. मुलीच्या अंगावर नवी साडी तशीच होती आणि तिच्यावर कोणाचा तरी पुरुषी स्वेटर. हातावर मेंदी. मामा-भाचीच्या बोलण्यावरून मला कळले की त्या दिवशी अकरा वाजता मुंबईत मुलीचे नोंदणी लग्न होते. मुलगा घरच्यांना पसंत नव्हता. आई येणार नाही असे ठरलेले, आणि आदल्या रात्री तिने अचानक ओळखीच्यांच्या विमानात जागा मिळवली होती.

व्हरांड्यात मामा तिला म्हणत होता, "रस्त्यानं वेळेत पोचली नसती म्हणून उडत निघाली. तुझं लग्न अडवायला निघाली होती ती. आता कर जा लग्न. कोण अडवतंय तुला?"

मुलीने त्याच्याकडे पाठ फिरवली. ती माझ्याकडे आली.

"सर, आई लगेच गेली का?"

"लगेच. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

"काही बोलली नाही कोणाशी?"

"कोणी नव्हतंच तिथे," मी म्हणालो.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर नंतर चहा पिता पिता म्हणाले, "बाई काही वेळ जिवंत असाव्यात. दीड तास, दोन तास, नेमकं नाही सांगता येणार." मी त्यांना ते लेखी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मामाचा अर्ज आला. बहिणीच्या हातात कायम दोन सोन्याच्या पाटल्या असत. डाव्या हातात आहे, उजव्या हातात नाही. मृताच्या अंगावरचा ऐवज लुबाडणे हा कलम चारशे चारचा गुन्हा, त्याप्रमाणे दाखल केला. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. आता त्या माळावर पोलिसाने शोधण्यासारखे काहीतरी होते. ज्याने कांबळे घातले त्यानेच पाटली काढली, असे मी मनाशी ठरवून टाकले.

आठ-दहा दिवस आम्ही वाड्या-वाड्यांतून फिरलो. सोनारांकडे चौकशी केली. कोणाच्या घरात एकदम काही नवे आले का, कोणी गाव सोडून गेले का, बघितले. काही नाही. चोरीचा माल सापडत नसेल तर मालामागे धावू नये, कोणाच्या वागण्यात फरक पडला ते बघावे, असे मी नव्या पोरांना शिकवत असे. तो फरक मला घरबसल्या कळला.

बाराव्या दिवशी कुंभिवलीकडचा एक गवताचा व्यापारी ठाण्यात आला. कोकणी मुसलमान, पिढीजात गवताचा धंदा, बोलायला मोकळा. जळालेली गंजी त्याची होती आणि त्याला पंचनाम्याची प्रत हवी होती.

हवालदार म्हणाला, "काय भाई, तुमच्या गवतावर आभाळातनं विस्तव पडला म्हणायचा!"

"आभाळातनं कसला पडतोय, हवालदार! विमान कुठं, गंजी कुठं. मधल्या दोन गंज्या तशाच उभ्या हायत, काडी काळी झाली नाय त्यांची. ही कोणीतरी हातानं पेटवली."

"कोणी?" मी विचारले.

"ते तुम्ही शोधा साहेब. मी माझ्या राखणदाराला विचारलं. तो माळावरच खोपटात राहतो. आधी कसा गप्पा मारायचा, आता खाली मान घालून बसतो. आणि परवा बघतो तर डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. म्हटलं, कोण गेलं रे घरात? तर बोलत नाय. त्याच्या बायकोला विचारलं, ती म्हणते आमच्यात कोन नाय मेलं."

घरात मृत्यू नाही आणि दहाव्याचे मुंडन. हवालदाराने माझ्याकडे पाहिले. तासाभरात राखणदार ठाण्यात होता.

चाळिशीचा, काटक, पायाला भेगा. कोपऱ्यात उभा राहिला. हवालदाराने सुरुवात केली, "काय रं, कुणाचं सुतक धरलंयस? विमानाचं?"

त्याने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"पाटली कुठाय?"

तो गप्पच. पंधरा-वीस मिनिटे असे चालले. मग मी उठलो आणि त्याच्या कानाखाली आवाज काढला. त्या काळी त्यात कोणाला काही वाटत नसे. मलाही वाटले नाही.

त्याने गालाला हात लावला नाही. म्हणाला, "मारू नका सायेब. घरात हाय. उद्या तेरावं, परवा मी सवताच घेऊन जानार होतो."

"कुठे घेऊन जाणार होतास? सोनाराकडे?"

"पोरीकडं. मुंबैला."

"कुठल्या पोरीकडे?"

"तिच्या. लग्नाची हाय ना ती पाटली." तो माझ्याकडे असा बघत होता, जणू हे मला माहीत असायला हवे होते. "सुतकात लग्नाची वस्तू घेऊन पोरीच्या दारात कसा जाऊ सायेब? तिचं वाईट नाय का व्हनार?"

मी खुर्चीत बसलो. हवालदाराने जबाबाचा कागद पुढे ओढला आणि मी त्याला हाताने थांबवले. ते मी का केले हे मला त्या क्षणी कळले नव्हते. दोन मिनिटांत कळले.

राखणदाराने सांगितले ते असे. आवाजाने तो खोपटातून बाहेर आला आणि वासाच्या दिशेने गेला. वैमानिक गेला होता. बाई विमानाच्या बाहेर फेकलेली, कमरेखालचे हलत नव्हते, पण बोलत होती. त्याने तिला गवतावर घेतले. तो कोणाला तरी बोलवायला निघाला, तर तिने त्याचा हात धरला आणि सोडून जाऊ नको म्हणाली. मोबाइल त्याच्याकडे नव्हता, आणि तेव्हा त्या माळावर रेंजही नव्हती. तो ओरडून थकला. मग त्याने धावत जाऊन एक गंजी पेटवली.

"धुकं नसतं तर खोपोलीवरनं दिसली असती सायेब. पन धुक्यात मलाच धड दिसंना. मालकाचं गवत गेलं ते गेलं."

"ती काय बोलत होती?"

"पोरीचंच. म्हनली, माझी पोर येडी हाय, आवसेला लगीन करते बघ. आनी हसली. हसली तशी कळ आली तिला. मग म्हनली, ते अडवायला येते असं समजंल ती. तिला सांग, मी लग्नाला निघाले होते. पाटली काढाया लावली माझ्याकडनं. म्हनली, एक तिची, एक माझी, ही तिला दे."

"किती वेळ जिवंत होती?"

"आठाचा कारखान्याचा भोंगा झाला तवा तिनं पानी मागितलं. मग धुकं पातळ व्हायला लागलं तवा गेली. शेवटचं पानी माझ्या हातचं. आमच्यात ज्याच्या हातचं शेवटचं पानी, त्यानं सुतक धरायचं असतं. मग मी खाली पाटलाकडं निघालो, तर तुमची मानसं वर चढताना दिसली. म्हनलं आले सायेब, आता आपलं काम नाय. आनी गंजी पेटवलेली, म्हनून भ्यालो बी होतो."

मग तो जे बोलला ते माझ्या मनातून कधीच गेले नाही. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो मला फक्त हकीकत सांगत होता.

"मी तिला सारखं सांगत होतो सायेब. म्हनलं, आवाज पाटलानं ऐकलाच असंल. त्याच्याकडं फोन हाय. त्यानं केला असंल फोन. पोलीस निघाले असतील. आता येतील, आता येतील."

पाटलाने फोन केला होता. सात वाजून दहा मिनिटांनी. त्याच वेळी गाडी काढली असती, तर धुके असूनही साडेनऊपर्यंत आम्ही वर असतो. बाई वाचली असती का? मी पुढे दोन डॉक्टरांना, कोणाची गोष्ट ते न सांगता, विचारले. एक म्हणाला कठीण होते, दुसरा म्हणाला सांगता येत नाही. पण तिला माणसे तरी दिसली असती.

मी हवालदाराला म्हणालो, "हे लिहू नकोस."

तो जुना माणूस. त्याने पेनाचे टोपण लावले आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या सहीनं जाणार आहे. तुम्ही बघा." नंतर त्या विषयावर तो माझ्याशी कधी बोलला नाही. बदली होईपर्यंत त्याने माझ्यासोबत चहा घेणेही बंद केले होते.

जबाब असा लिहिला गेला: गवत राखताना अपघाताच्या जागेजवळ पाटली मिळून आली, ती स्वखुशीने हजर करीत आहे. गुन्ह्याचा हेतू दिसत नाही म्हणून अटक नाही. विमानाच्या ठिणगीने गंजी पेटली असावी. मी स्वतःची समजूत घातली की गरीब माणसाला मी आरोपी होण्यापासून वाचवले. तोच जबाब खरा लिहिला असता तर तो आरोपी झालाच नसता, हे मला तेव्हाही कळत होते. बाई दोन-अडीच तास जिवंत होती असे कागदावर आले असते, तर मग पोलीस पाटलाला विचारले गेले असते, आणि पाटील खोटे बोलणारा नव्हता.

राखणदाराला मी सोडताना दम दिला, "यातलं एक अक्षर कोणाला बोललास तर चोरीत आत जाशील."

"नाय बोलत," तो म्हणाला. "पन पोरीला सांगायचं हाय ना?"

"मी सांगतो."

"तुमी सांगाल?"

"सांगितलं ना, सांगतो म्हणून!"

त्याच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मी पाहिले. साहेबांनी शब्द दिला होता.

मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाने मामाच्या ताब्यात दिला. ताबा पावतीवर त्याची सही घेतली. त्याने विचारले, "चोर मिळाला का?" मी म्हणालो, "माल मिळाला, ते महत्त्वाचं." मुलीचा पत्ता माझ्याकडे कागदोपत्री होता. तिला फोन करायला मला दोन मिनिटे लागली असती. मी ती अठरा वर्षे काढली नाहीत.

निवृत्तीनंतर मी कर्जतला घर घेतले. गेल्या थंडीत तो पोलीस पाटील वारल्याचे कळले. भेटायला गेलो. दारात माणसे बसली होती, त्यांत एक पांढऱ्या डोक्याचा माणूस उठून उभा राहिला आणि त्याने मला हात जोडले. मी ओळखले नाही. त्याने ओळखले होते.

"सायेब, वळखलं नाय? माळावरचा." आणि मग आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघून, अठरा वर्षांपूर्वी घेतलेली खबरदारी अजून पाळत, हळूच विचारले, "पोरीला बसली का हो पाटली? हात कसा हाय तिचा, बारीक का भरलेला? मला लय वाटायचं, बसली असंल का."

मी "हो" म्हणालो. त्या माणसाशी मी तिसऱ्यांदा खोटे वागलो होतो. घरी येईपर्यंत ठरवले होते की यापुढे नाही.

मुलीला शोधायला पंधरा दिवस लागले. ती ठाणे शहरात एका शाळेत शिकवते. पन्नाशीकडे झुकलेली, चेहरा आईसारखा. लग्न तिने केले नाही. त्या दिवशी सही राहिली ती राहिलीच. त्या मुलाने दोन वर्षे वाट पाहिली, असे ती सहज सांगावे तसे म्हणाली. पाटली मामाने तिला दिली होती. "चोराच्या हातातून आलेली म्हणून मी ती कधी घातली नाही. आणि आई माझ्यावर रागावून निघाली तेव्हा तिच्या हातात असलेली."

मी सगळे सांगितले. फोन, नोंद, कांबळे, तांब्या, थप्पड, जबाब. निरोप सांगितला. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. मग तिने विचारले, "ती नेमकं काय म्हणाली? तिचे शब्द?"

"लग्नाला निघाले होते, असं."

"निघाले होते, की येत होते? माझं नाव घेतलं का? अमावास्येचं बोलताना चिडून बोलली की..."

"हसून, असं तो म्हणाला."

"आणखी? दोन तास होती ना ती. दोन तासांत एवढंच बोलली?"

नोकरीत मी हजारो जबाब घेतले असतील. कोण कुठे उभा होता, कोणत्या हाताने मारले, असले शंभर तपशील विचारून लिहून घेतले. या एका जबाबात काय होते हे जाणून घेण्याचा ज्या माणसाला हक्क होता तो माझ्यापुढे बसला होता आणि मी पेनाला टोपण लावायला सांगितले होते. जे लक्षात होते तेही अठरा वर्षांत माझ्या सोयीने झिजले होते.

"ते जिवंत आहेत?" तिने विचारले.

"आहेत."

"मग मला तिथे न्या."

पुढच्या रविवारी मी तिला घेऊन गेलो. राखणदार आता वर माळावर राहत नाही, पायथ्याच्या गावात मुलाच्या घरात असतो. गाडीतून उतरलेल्या बाईकडे त्याने एकदाच पाहिले. मी ओळख करून देणार, इतक्यात तो म्हणाला, "आलीस का गं बाय?" आणि बायकोला आत पाणी ठेवायला सांगितले.

मी त्या दोघांच्या मागे उंबऱ्यापर्यंत गेलो. मुलगी वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली.

ज्या दिवसांत माझ्या शब्दावर लोक ठाण्याबाहेर तास-तास थांबत, ते दिवस संपून बरीच वर्षे झाली आहेत. मी अंगणात, भिंतीलगत ठेवलेल्या बाजेवर बसलो. आतून आधी त्याचा आवाज येत राहिला, संथ, न थांबता. मग तिचा एक प्रश्न. मग पुन्हा त्याचा. एकदा ती मोठ्याने हसली, आणि त्या हसण्याचे पुढे काय झाले ते मी ऐकू नये म्हणून उठून रस्त्यापर्यंत गेलो.

दरम्यान मी जिल्ह्याच्या कार्यालयाला सहीचा अर्ज पाठवला आहे. पहिली खबर सात वाजून दहा मिनिटांनी मिळाली होती, ती मी घेतली होती, नोंद केली नव्हती आणि मयत महिला त्यानंतर दोन तासांहून अधिक काळ जिवंत होती, असे त्यात लिहिले आहे. इतकी जुनी कागदपत्रे आता असतील की नष्ट झाली, मला माहीत नाही. पोहोच आली आहे.

या प्रकरणाने काय शिकवले असे कोणी विचारले तर पूर्वी मी सांगत असे की माणसाच्या वागण्यातला फरक ओळखावा. ते खरेच आहे, पण तो धडा चोर पकडणाऱ्याचा आहे. माझा धडा निराळा होता. खबर देणारा माणूस जे सांगतो ते आपल्या रोजच्या मापात बसवायची पोलिसाला घाई असते. त्याने घरघर सांगितली, अमावास्या सांगितली, मला सुरुंगच ऐकू आला. इथवरची चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. ती झाकायला मी दुसऱ्याचा निरोप वापरला, तो मात्र गुन्हा होता, आणि त्याला कुठल्याही संहितेत कलम नाही.

त्या रविवारी ते दोघे दोन तास आत होते. काय बोलले हे मी परतीच्या वाटेत विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

तो जबाब माझ्यासमोर द्यायचा नव्हता.